दाराआडची बोली

इर्मा वाइगांटने दोन वर्षं मेलेल्या माणसांचा माग काढण्यात घालवली होती, आणि तिची म्हातारी आई पाउलिना शेगडीपाशी बसून तिला म्हणत राहिली होती, "आनखी एक पिढी मागं जा गं. जर्मनीचं सायब लोक त्ये. त्यांला खोलातलं लागत असंल."

कारागांडाच्या कोळसाखाणींपलीकडच्या त्या गावात एके काळी गल्लीच्या गल्ली जर्मनांची होती. आता एकेक घर सामान बांधून जर्मनीला निघून गेलं होतं. इर्माची मुलगी नेल्ली नवऱ्याच्या अर्जावर गेली, तिला तिथं मुलगी झाली, आणि ती नात इर्माने फक्त फोटोत पाहिली होती. इकडे खाण बंद, पगार बंद, आणि दोन हिवाळे झाले, घरातल्या गरम पाण्याच्या नळ्याही थंडगार. पाउलिनाला जर्मनीला जायची परवानगी केव्हाच मिळाली होती. जन्म व्होल्गाकाठचा, युद्धात मालगाडीत कोंबून इथं आणून टाकलेली. तिला कोण नाही म्हणणार? पण ऐंशीची, जवळजवळ बहिरी बाई एकटी जाणार कशी? लेक आली तरच ती जाणार होती. आणि लेकीला आधी भाषेची परीक्षा द्यायची होती. ती एकदाच देता येते. नापास झालात की विषय संपला.

परीक्षेची भीती माणसाला काहीही करायला लावते. इर्माने व्होल्गाकाठच्या साराटोव्हच्या दप्तरखान्याला पत्रं लिहिली, लांबच्या नातलगांना छळलं, आणि बापाच्या बाजूने थेट योहानेसपर्यंत जाऊन पोचली. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, रशियाच्या राणीच्या बोलावण्यावरून बायकापोरं घेऊन जर्मनीतल्या हेसेनमधून व्होल्गाकाठी आलेला तो पहिला. भिंतीला चिकटवायच्या कागदाची उरलेली गुंडाळी होती, तिच्या पाठीवर तिने सगळी वंशावळ काढली. शिवाय शहरातल्या एल्ला गेनरिखोव्ना नावाच्या निवृत्त मास्तरीणबाईंकडे शिकवणी लावली. बाईंचं जर्मन पुस्तकातून इस्त्री होऊन आलेलं. इर्माच्या तोंडून घरचा एक शब्द निघाला की त्या कपाळाला हात लावत.

"झ्याक करत्यात बाई," पाउलिना म्हणायची. "आपलं त्ये शेणामातीचं बोलनं तिथं काढू नगंस. सायब म्हनंल, ही कुठली गावंढळ आली."

खरं तर त्या शेणामातीच्या बोलीने घराचा उंबरा कधी ओलांडलाच नव्हता. युद्धानंतर रस्त्यावर एक जर्मन शब्द निघाला तर पोरं 'फॅसिस्ट' म्हणून दगड मारायची, आणि मोठी माणसं त्याहून वाईट करायची. म्हणून पाउलिना आधी दाराला कडी घालायची आणि मगच लेकीशी बोलायची. बाहेर पाऊल वाजलं की दोघींच्या जिभा रशियनवर यायच्या. त्या गावातली जर्मन पोरं अशीच वाढली. सरकार बदललं, देश बदलला, पण कडीची सवय गेली नाही.

परीक्षेच्या दिवशी पाउलिनाने वर लोणी-साखरेचा भुगा पेरलेला केक भाजला, फडक्यात बांधला आणि सोबत आली. "सायबाला दे. हात मोकळा नगं जायला." ती बाहेर बाकावर बसली. इर्मा आत गेली.

परीक्षा घेणारा जर्मन साहेब तरुण होता, सर्दीने बेजार. बोलायला सभ्य. इर्माने टेबलावर वंशावळ उलगडली तर ती पलीकडच्या कडेवरून खाली लोंबायला लागली.

"हे राहू द्या," तो म्हणाला. "पूर्वज कुठले ते तुमच्या अर्जात आहे. आईने घरात तुम्हाला काय दिलं, ते मला ऐकायचंय. डुक्कर कापायचा दिवस असतो ना तुमच्याकडे? त्या दिवशी घरात काय चालायचं, सांगा."

तो दिवस! सगळ्या गल्लीचा सण! इर्माला उकळत्या कढईचा वाससुद्धा आला. पण तोंडातून निघालं ते असं: "शरद ऋतूमध्ये आमच्या निवासस्थानी वराहाचा वध करण्यात येत असे."

साहेबाने वर पाहिलं. "घरी असं म्हणायचात?"

"होय. माझ्या मातोश्रींनी मला बालपणापासून शुद्ध भाषेचे संस्कार दिले."

"बाई, शुद्ध राहू द्या. आईशी बोलता तसं बोला. आत्ता, इथं."

इर्माने तोंड उघडलं. नजर दाराकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं, पलीकडे कुणीतरी रशियनमध्ये हसत होतं, आणि समोर सरकारी माणूस बसला होता. जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेना.

"कृपया... आपण प्रश्न पुन्हा विचाराल का?"

त्याने पुन्हा विचारला. तिने पुन्हा वराहाचा वध केला. तो बराच वेळ लिहीत राहिला, मग त्याने सही केली.

"तुमचं जर्मन चांगलं आहे. पण हे वर्गात शिकलेलं आहे, घरातून आलेलं नाही. मला नाही म्हणावं लागतंय."

"माझी नात तेथे आहे," इर्मा म्हणाली. "मी तिला अद्याप पाहिलेले नाही. मी आपणास विनंती करते." रडतानासुद्धा तिच्या तोंडून मास्तरीणबाईच बोलत होत्या.

बाहेर पाउलिना उठून उभी राहिली. "काय झालं गं? केक न्हाई दिलास व्हय?"

आणि इर्मा फुटली. भर व्हरांड्यात, चार परक्या माणसांच्या देखत, जन्मात पहिल्यांदा कडी न लावता. "मेले गं माय मी! सगळं मातीत घातलं बघ! आता न्हाई दिसायची ती पोर, न्हाई दिसायची! हितंच सडायचं आपन दोघींनी! कशाला जल्माला घातलंस मला!"

साहेब कोट घालून जेवायला निघाला होता. तो जागीच थांबला. त्याचा चेहरा पार उतरला.

"हे कुठं शिकलात तुम्ही?"

"हिच्यापाशी," इर्मा म्हणाली.

"मग आत का नाही बोललात?"

इर्मा डोळे पुसायला लागली. "सही झाली आहे, बाई. आता ते माझ्या हातात नाही," असं तो हलक्या आवाजात म्हणाला आणि जवळजवळ पळतच जिना उतरला.

"काय म्हनला त्यो?" बहिऱ्या पाउलिनाला साहेबाचं काही ऐकू आलं नव्हतं, पण लेकीचा आरडाओरडा तेवढा कानावर गेला होता आणि ती तिच्यावर भडकली होती. "आपली गावठी बोली ऐकून गेला जनू! तरी तुला सांगत हुते, तसलं बोलू नगंस म्हनून!"

इर्माला वाटलं, सांगून टाकावं. तूच घात केलास, माय, तू आणि तुझ्या लाजेने. शब्द ओठांपर्यंत आले. समोर ती एवढीशी म्हातारी केकचं फडकं छातीशी धरून उभी होती. ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं असतं तर ती घरापर्यंतसुद्धा पोचली नसती.

इर्मा तिच्या बऱ्या कानाशी वाकली. "तसं न्हाई, माय. त्यो म्हनला, योहानेसच्या बापाचं कायतरी आना. तिथं अडलंय."

"एवढंच?" पाउलिनाचा जीव भांड्यात पडला. "मग हुडकू की! उद्याच पत्र घाल. आन् तवर बाईंची शिकवनी सोडू नगंस. आज घसरलीस तशी पुढच्या खेपंला घसरशील."

"न्हाई सोडत, माय," इर्मा म्हणाली.