दोन किलो सातशे

मित्रांनो, माझ्या गोल तबकडीवर शून्यापासून दहापर्यंत आकडे आहेत. पण माझी सुई पाचाच्या पुढे क्वचितच गेली. मी बाळांचे वजन करणारा जुना काटा आहे. वर एक कडी, खाली एक हूक आणि हुकाला टांगलेली मऊ कापडाची झोळी, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून मी थेट एका सुईणबाईच्या पिशवीत आलो. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. अडतीस वर्षे आम्ही दोघे मिळून जिने चढलो आणि उतरलो. बाळ झाले, पुसून झाले, की मावशी मला खिडकीच्या गजाला टांगायची आणि बाळाला अलगद झोळीत ठेवायची. बाळ हातपाय झाडायचे, त्यामुळे माझी सुई थरथरत राहायची. मावशी कधी घाई करत नसे. सुई स्थिर झाली की मगच ती वहीत वजन लिहायची आणि पुढे बाळाविषयी दोन शब्द.

मग दवाखान्यांत बटणाचे काटे आले. मावशीचे गुडघेही कुरकुरू लागले. मला टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले गेले. आठ वर्षे मी तिथे पडून होतो. स्प्रिंगला गंज चढला.

तो टॉवेल उलगडला मावशीच्या लेकीने. तिचे डोळे सुजलेले होते. आदल्याच दिवशी मावशी गेली होती.

समोर अंत्यविधीच्या सभागृहाचा व्यवस्थापक बसला होता. माणूस सभ्य होता, पण त्याचा श्रद्धांजलीचा कागद तयारच होता. 'प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू' असे छापलेले आणि नावासाठी जागा मोकळी. लेकीने तो वाचला आणि परत केला.

"यात आई कुठे आहे?" तिने विचारले.

मला सभागृहात पुढे टांगायचे, मावशीच्या वह्या वाचायच्या आणि ज्याचे वजन वाचले जाईल त्याने उभे राहायचे, असे तिने ठरवले होते. व्यवस्थापक म्हणाला, चाळीस मिनिटांत बसवा, माझी हरकत नाही. हरकत होती ती तिच्या मोठ्या भावाची.

"वह्या उघडल्यास तर ते पानही उघडेल," तो म्हणाला. "शिंपीणबाई आली तर काय करशील?"

 बावीस वर्षांपूर्वी शिंपीणबाईचे बाळ जन्मतः रडले नव्हते; ते मृतच जन्मले होते. त्यानंतर ती आमच्या दाराशी उभी राहून मावशीला नाही नाही ते बोलली होती. चौकशी झाली, मावशीची चूक नाही असे ठरले. पण त्या गल्लीत मावशीने पुन्हा पाऊल टाकले नाही. शेवटी भावाने तारखेवरून ते पान शोधून, पुढचे न वाचताच, त्याला चिमटा लावला. एवढ्या अटीवर तो कबूल झाला.

सभागृह गच्च भरले. मला उंच स्टँडला टांगले होते. माझी स्प्रिंग आतून आखडलेली, आणि तिथे माझ्याइतके घाबरलेले दुसरे कोणी नसावे.

लेक वाचू लागली. "पाण्याच्या टाकीजवळचं घर. मुलगा. एक किलो सहाशे. कापसात ठेवला." दोन खुर्च्यांची जागा व्यापणारा एक बेकरीवाला संकोचत उभा राहिला आणि लोकांना हसू फुटले. "वरच्या मजल्यावरची मुलगी. तीन किलो चारशे. रडून अख्खी इमारत जागी केली." उभी राहिली ती ग्रंथालयात हळू बोलायला सांगणारी बाई. लोक डोळे पुसत हसत होते. भावाचेही खांदे जरा सैल झाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून शिंपीणबाई उठली.

हसू जागच्या जागी विरले. भाऊ ताडकन उठून तिच्याकडे निघाला. ती भिंतीला धरून उभी होती, पण जागची हलली नाही.

"माझं पान वाचा," ती म्हणाली.

भावाने मान हलवून बहिणीला खुणावले, नको. व्यवस्थापकाने घड्याळाकडे पाहिले. लेकीने वही उचलली आणि चिमटा काढला. त्या पानावर काय आहे, हे तिलाही ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. त्या दिवशी माझी सुई एकदाही थरथरली नव्हती.

"मुलगी," लेकीने वाचले. "दोन किलो सातशे. केस दाट. हनुवटीला खळी. रडली नाही." ती अडखळली. पुढचे तिने फार हळू वाचले. "आईने बघायला मागितली. तिला सोसणार नाही म्हणून मी दिली नाही. द्यायला हवी होती. हे तिला सांगायची हिंमत मला झाली नाही."

 शिंपीणबाई चालत पुढे आली. आता ही काय करते, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. तिने माझ्या रिकाम्या झोळीत हात ठेवला.

"मी तेवढ्यासाठीच भांडत होते," ती म्हणाली. "दोन सातशे म्हणजे हाताला किती लागतं?"

लेकीने क्षणभर विचार केला आणि हातातली वही झोळीत ठेवली. मग दुसरी, तिसरी. माझी स्प्रिंग करकरली. आता आपण अडकलो तर या बाईला खोटे वजन मिळेल, या भीतीने मी सगळा जोर लावला. गंज सुटला. सुई चढत गेली. अकराच्या अकरा वह्या संपल्या तरी थोडे कमीच पडत होते. तेव्हा भाऊ पुढे आला. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून वह्यांवर ठेवला. सुई दोन किलो सातशेवर टेकली.

शिंपीणबाईने झोळी हुकावरून काढून छातीशी धरली. लेकीने तिला आपल्या खुर्चीवर बसवले. व्यवस्थापक वेळ संपल्याचे सांगायला जवळ आला आणि तसाच परत दाराशी जाऊन उभा राहिला.

वाचायला आता वही नव्हती. मग एक दाढीवाला आपणहून उठला. "तीन किलो शंभर," तो म्हणाला. "आई सांगायची." त्याच्यामागे एक मुलगी उठली, मग आणखी कोणी. रांगेमागून रांग उभी राहत गेली.

मित्रांनो, माझा गंज काढा, झोळी धुऊन ठेवा, हे मी मागेनच. म्हाताऱ्या वस्तूंना तेवढी हाव असते. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. घरातले कोणी गेले, तर छापील कागदावर नाव भरण्याआधी त्यांचे कपाट उघडा. त्यांनी आयुष्यभर हाताळलेली वस्तू शोधून काढा. आणि एखादे पान उघडायला तुमचा हात कचरला, तर तेही वाचा. ते ऐकण्यासाठी कोणीतरी फार वर्षांपासून मागच्या रांगेत बसलेले असते.