डावऱ्या भालाइतांचे नियम

नियम १. भालाईत भाला उजव्या खांद्यावर घेतो आणि तलवार डाव्या कमरेला बांधतो. तलवार उपसायला त्याचा उजवा हात अंगावरून आडवा जातो. तेवढ्या वेळात उजवीकडून आलेला शत्रू त्याला गाठतो. म्हणून फौजेची उजवी बाजू उघडी धरावी. त्या बाजूने हल्ला झाला तर दुप्पट माणसे पडतील.

हा नियम नानांनी सांगितला, मी लिहिला. नाना म्हणजे माझे वडील, मोरोपंत. अमरावतीत एकतीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. एकसष्ट साली, संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, विहिरीवर पाणी काढताना त्यांची उजवी बाजू गेली. वाचा दोन आठवड्यांनी परतली. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात आला नाही.

हात नसला की काय काय अडते? लिहिणे अडते, ते मी करू लागले. धोतर अडते, पायजमा आला. जेवण अडले, आणि तिथे मात्र सगळे थांबले. नाना डाव्या हाताने जेवायला तयार नव्हते. चमचा दिला तर म्हणाले, "तोही त्याच हातात धरायचा ना?" शेजारच्या आशाबाई एकदा भरवायला आल्या, तेव्हा त्यांनी दात आवळून घेतले. आईला जाऊन सहा वर्षे झाली होती. म्हणून दोन्ही वेळा मीच भरवायचे.

आणि माझ्या पेटीत अकोल्याच्या मुलींच्या शाळेचे नेमणुकीचे पत्र होते. एक जुलैला हजर व्हायचे.

मी ते नानांना दाखवले.

"जा की," ते म्हणाले. "मी कुठे अडवलंय?"

संध्याकाळी नेहमीसारखे पानापुढे बसले आणि तोंड उघडले.

नियम ७. (दोन ते सहा तोफांचे आहेत. ते सांगायचे राहिले.) रंगवताना कोणतेही दोन शिपाई सारखे रंगवू नयेत. ह्या फौजेला गणवेश नव्हता. ही जर्मन माणसे भाडोत्री. ज्याला जे मिळाले ते त्याने घातले. एक पाय लाल, दुसरा पिवळा. बाह्या चिरून आतले अस्तर बाहेर ओढलेले.

हे सगळे सुरू झाले ते देवरावामुळे.

देवराव नानांचा जुना विद्यार्थी. अकोल्याला जुन्या शहरात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. फाल्गुनात नानांना बघायला आला, तेव्हा डॉक्टरांचे शब्द अजून ताजे होते: डाव्या हाताला बारीक काम द्या, नाहीतर तोही आळसावेल.

"बारीक म्हणजे काय, मणी ओवू?" नाना म्हणाले.

देवरावाने फडताळातले जाड इंग्रजी इतिहासाचे पुस्तक काढले. इटलीतली पाव्हियाची लढाई, सन पंधराशे पंचवीस. दरवर्षी नाना ती फळ्यावर काढायचे. खडूचे भाले, खडूचे घोडे, आणि तास संपता संपता फ्रान्सचा राजा कैद. विलायतेत मोठी माणसे अशा फौजा शिशाच्या करून टेबलावर मांडतात, फासे टाकून लढवतात, असे नानांनी कुठल्याशा मासिकात वाचले होते. ते त्यांनी वर्गात सांगितलेही होते. देवरावाच्या ते लक्षात राहिले होते.

"आपण काहून नाई करायचं, गुरुजी? आमच्याइथं घासलेले खिळे भट्टीत जातेत. मालकाले इचारतो मी. शिसंच हाय ते. शिपाई मी ओततो, रंग तुमी द्या. डाव्या हातानं."

नानांनी पुस्तकातले भालाइताचे चित्र पाहिले.

"रंगाला चालेल," ते म्हणाले. देवरावाने ते चित्र पातळ कागदावर उतरवून नेले.

दुसऱ्या दिवसापासून ते मला नियम सांगू लागले.

नियम १. रद्द.

चैत्र संपता संपता देवराव बिस्किटांचा डबा घेऊन आला. आत कागदाच्या कपट्यांत अठ्ठेचाळीस शिपाई, प्रत्येक दीड पेराएवढा. शंखजिऱ्याच्या मऊ दगडात त्याने स्वतः साचे कोरले होते, रोज पाळी सुटल्यावर, दीड महिना. भाले खराट्याच्या काड्यांचे होते.

"हे नाच्ये हायेत का शिपाई, गुरुजी? काय त्या बाह्या, काय ते टोपीतले पिसं!"

"ह्या नाच्यांनी राजा धरला होता," नाना म्हणाले. जानेवारीनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले. अर्धेच तोंड हसले, पण हसले.

त्यांनी एक शिपाई उचलून चष्म्याजवळ नेला. ठेवला. दुसरा उचलला. पाचवा ठेवला तेव्हा हसू गेले होते.

"देवराव, हे सगळे डावरे आहेत."

भाला डाव्या खांद्यावर. तलवार उजव्या कमरेला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस.

देवरावाने पुस्तक ओढून घेतले. चित्र पाहिले, शिपाई पाहिला, पुन्हा चित्र. त्याने चित्र जसेच्या तसे दगडात कोरले होते, आणि साच्यातून माणूस उलटा निघाला होता.

"मले दिसलंच नाई, गुरुजी. आमचं धातूचं सारं उलटंच असते. अक्षर उलटं, ओळ उलटी. चौदा वर्सं उलटंच वाचून राहिलो मी. धातूत उलटं दिसलं का मले बरोबर वाटते. सुलटं ते कागदावर होते."

"हे कागदावर छापायचे आहेत?"

"नाई."

"मग मला हिणवायला आणलेस? ह्या हाताचा माणूस म्हणून?"

देवराव उठून उभा राहिला. त्याच्या बोटांना दगड कोरल्याचे घट्टे पडलेले मला दिसत होते. नानांना ते दिसले की नाही, कोण जाणे.

"वितळवून टाक," नाना म्हणाले.

"वितळवतो ना. शिशाले काय." तो चपला घालू लागला. "आता गाडीची वेळ झाली. पुढच्या खेपेले नेईन डबा."

हा नियम नाही.

मी जन्माने डावरी होते. चार वर्षांची असताना नानांनी माझा डावा हात कमरेशी बांधायला सुरुवात केली. रागाने नाही. जुन्या धोतराची मऊ पट्टी, सैल गाठ; जेवणापुरती आणि पाटीपुरती. बांधताना ते गोष्ट सांगायचे. गोष्ट रंगात यायची तेव्हा गाठ बसलेली असायची. दोन वर्षांनी बांधायची गरज उरली नाही. माझे अक्षर चांगले आहे. ही वही त्याच उजव्या हाताची.

देवराव गेला त्या संध्याकाळी मी भरवत होते, आणि नाना माझ्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत होते. घास चावायचे विसरले. मी विचारले, तिखट लागलं का? नाही म्हणाले.

नियम १ (दुसऱ्यांदा). डावऱ्या भालाइताची उघडी बाजू डावी. डावरी फौज उजव्या फौजेसमोर उभी राहिली, की दोघांच्या उघड्या बाजू मैदानाच्या एकाच अंगाला येतात. तिथे आडोसा कोणालाच नाही. दोघांचीही माणसे दुप्पट पडतील.

हे त्यांनी तिसऱ्या दिवशी सकाळी सांगितले, आणि नंतर स्वतःशीच म्हणाले, "असं कोणी लढलेलं नाही." म्हणाले ते शाळेतल्या आवाजात. मी डबा काढून दिला.

पहिल्या शिपायाचा चेहरा चिखल झाला. दुसऱ्याचाही. वैशाखाच्या उन्हात नऊ वाजेपर्यंत डबीतला रंग घट्ट व्हायचा, म्हणून ते सहाला बसायचे. शिपाई मेणावर उभा, कुंचला डाव्या हातात, मनगट उशीवर. मी वाती वळत बाजूला बसायचे आणि मदत करायची नाही असा हुकूम होता. दहाव्या शिपायाचे दोन पाय दोन रंगांचे झाले. विसाव्याला मिशा आल्या. जूनमध्ये एका शिपायाला त्यांनी डोळे काढले, आणि त्या डोळ्यांत बुबुळे.

"नाना, ह्या हाताने बुबुळ काढता. मग घास का नाही?"

"रंग पोटात जात नाही," ते म्हणाले.

पत्रातली तारीख नऊ दिवसांवर आली होती. मी शाळेला नकाराचे पत्र लिहून ठेवले होते. त्यांना ते माहीत होते. शाईची दौत त्यांच्याच उशाशी होती.

नियम १९. डावात जो पडला तो डावाबाहेर काढावा. तो कोण होता ते विचारू नये.

(हा मला लिहायचा नव्हता.)

जूनच्या शेवटच्या रविवारी देवराव डबा न्यायला आला. टेबलावर छत्तीस शिपाई रंगून उभे होते. तो त्यांच्याभोवती फिरला, वाकला, एकालाही हात लावला नाही.

"वितळवायचे ना?"

"गप्प बस," नाना म्हणाले. "बारा राहिलेत. जेवून जा."

मी तीन पाने मांडली. नाना म्हणाले, "तुम्ही बसा. मला भूक नाही." पण भूक होती. विद्यार्थ्यासमोर घास भरवून घ्यायचा नव्हता. हे देवरावालाही लगेच कळले.

"मी गेल्यावर जेवाल तुमी," तो भात कालवत म्हणाला. "मंग मी रातच्या गाडीनं जातो. बसा तवरी उपाशी."

"तोंड फार चालतं तुझं."

"तुमच्याच शाळेतलं हाय." त्याने घास घेतला, गिळला. "गुरुजी, एक इचारू? शाळेत मले तुमी माठातलं पाणी आपल्या हातानं दिलं. कोणी देत नव्हतं तवा."

"मग?"

"मंग घरी येऊन आंघोळ करत होते तुमी. रोज."

मी हे कधी ऐकले नव्हते.

"माझी माय, पार्बताबाई, तुमच्या मागच्या बोळीत मोळी इकायची. दिवस मावळता तुमच्या इहिरीवर बादलीचा आवाज यायचा, ते घरी येऊन सांगायची. मले राग नाई आला. पाणी तर भेटत होतं. मंग एक दिवस मायनं सांगतलं, आज मास्तरनं आंघोळ नाई केली. दुसऱ्या दिवशी बी नाई. मले लय वर्सं इचारायचं होतं. त्या दिवशी काय झालं? कोणी काई बोललं? काई वाचलं तुमी?"

नानांनी खूप आठवून पाहिले. खोटे सांगता येत असते तर त्यांनी ते त्या वेळी सांगितले असते, असे त्यांचा चेहरा पाहून मला वाटले.

"थंडी होती," ते म्हणाले.

"बस?"

"बस. पौष होता. पाणी गार होतं. कंटाळा केला."

देवराव मान हलवून पुन्हा जेवू लागला.

"कुंदे," नाना मला म्हणाले, "तू घे. डाव्या हाताने. कसं धरतात ते मला बघू दे."

मी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा भातात घातला. वरण गरम होते. बोटे जवळ आली, पण अंगठा कुठे ठेवायचा ते त्याला समजेना. अर्ध्या वाटेवर घास सुटला, वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. पुन्हा उचलला. पुन्हा सांडला.

"येत नाही, नाना."

"यायचं तुला."

"हो. यायचं."

माझ्या पानाबाहेर पडलेल्या शितांकडे ते बघत होते. मग त्यांचा डावा हात हलला. नखांत निळा रंग अडकलेला होता. तो आपल्या पानात गेला, भात गोळा करताना दोनदा थांबला, आणि वर आला. थोडे पायजम्यावर पडले. उरलेले तोंडात गेले. डोळे मिटून ते फार वेळ चावत राहिले, एखादे औषध चावावे तसे. गिळल्यावर हात पुन्हा पानात आला.

मी पुसायला उठले नाही.

देवराव मान खाली घालून जेवत होता. "ताई," तो वर न बघता म्हणाला, "वरण वाढा थोडं."

मी उजव्या हाताने वाढले.