कागदावरचं बिऱ्हाड

मी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या प्लेनो गावातलं दोन दारांचं घर बोलतंय. मधे एक भिंत, दोन्हीकडे एकेक बिऱ्हाड मावतं. माझं ऐकायला कुणाला वेळ असेल असं नाही, पण रिकामं घर दुसरं करणार काय?

काही वर्षांपूर्वी मालिनी आणि चंद्रशेखर मला बघायला आले. कडेवर तान्ही रेखा, सोबत सल्ला द्यायला डॉक्टर त्र्यंबककाका. चंद्रशेखरला माझ्या दोन्ही बाजू भाड्याने द्यायच्या होत्या. त्यांचं अपार्टमेंट त्याच्या ऑफिसच्या शेजारी होतं. काकांनी समजावलं, नुसत्या भाड्यासाठी घेणाऱ्यालाही सरकार ज्याचा विमा उतरवतं ते घरकर्ज मिळतं, पण आधी बरीच जास्त रक्कम भरावी लागते. स्वतः राहणाऱ्याचं थोडक्यात भागतं. तेवढी रक्कम दोघांकडे नव्हती. 'आम्ही राहणार' म्हणून त्यांनी सही केली.

मग वास्तुशांत झाली. माझ्या शेगडीवर दूध उतू गेलं, स्मोक अलार्म कोकलला.

"दूध उतू गेलं, देव बसले," काका म्हणाले. "झालात की राहायला."

सगळे शिरा खाऊन अपार्टमेंटवर परत गेले. माझ्या दोन्ही खिडक्यांत भाड्याच्या पाट्या लागल्या. दूध उतू गेलं म्हणजे राहणंच असेल, असं मलाही वाटलं. मला तरी कुठे कायदा कळतो?

मालिनीला मात्र झोप लागेना. तिने माझ्याच स्वयंपाकघरातून कर्जवाल्या बाईंना फोन केला, पूजेचंही सांगितलं. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, पण झोपता कुठे? एका बाजूला स्वतः राहा, दुसरी खुशाल भाड्याने द्या, ते नियमात बसतं.

चंद्रशेखर ऐकून वैतागला. "मग रोज तासभर ड्राइव्ह करू, यार?"

"कर. आणि बायकोला यार म्हणू नकोस. रेखाच्या आईने खोटी सही केली, हे मला तिला सांगायचं नाहीये."

"तू फार भितेस बुवा, मालिनी," काका म्हणाले.

"भिते ना, काका. म्हणून तर पाळणा आजच आणलाय. एक बाजू धरता?"

काकांनी धरली. डावीकडची पाटी उतरली. उजवीकडे नंदा आणि सुलेखा, शिकणाऱ्या दोन मुली, भाड्याने आल्या. रेखा माझ्याच फरशीवर चालायला शिकली.

आता एकोणनव्वद साल सरतंय. शाळेसाठी ती मंडळी दुसरीकडे गेली आणि मी विकायला निघालंय. नुसत्या भाड्यासाठी घेणाऱ्यांना ते कर्ज आता बंद होतंय म्हणे. मला बघायला आलात तर छप्पर बघा, नळ सोडून बघा. पण सही करण्याआधी, जमलं तर, जमिनीवर जरा आडवं होऊन बघा. झोप लागते का?