चार तारा, सारखा भार

माझी गोष्ट ऐकायची तर आधी एक नियम सांगून ठेवतो. मी शंभर म्हटलं की पन्नास धरायचे. नियम माझा नाही, आमच्या मंडळींचा, म्हणजे बायकोचा. चारचौघांत बसून मी "चाळीस मजल्यांची इमारत होती" अशी सुरुवात केली, की ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणायची, "वीस." एकदा हुशारी करून मी ऐंशीपासून सुरुवात केली. तरी ती वीसच म्हणाली.

तीन महिन्यांपूर्वी ती गेली. यात कापण्यासारखं काही नाही.

मी लिफ्टचा मेकॅनिक. अडतीस वर्षं लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. ती गेली त्या दुपारी मी हॉस्पिटलच्या लिफ्टनं खाली उतरलो, तर लिफ्ट तळमजल्यावर अर्धा इंच वरच थांबली. मी वॉचमनला सांगितलं, "ब्रेक बघून घ्या, म्हातारी माणसं अडखळतील." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, बापाचं डोकं फिरलं. पण त्या सगळ्या दिवसात मला नीट दिसलेली तेवढी एकच गोष्ट होती, तो अर्धा इंच.

पुढे रडू येईल म्हणून मी वाट बघितली. लोक येऊन रडून गेले, मी त्यांना पाणी दिलं. रडू काही आलं नाही. उलट डाव्या हाताची चार बोटं बधिर झाली. आधी करंगळी, मग शेजारची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, नसा ठणठणीत आहेत, बोटांना काहीतरी काम द्या. मी म्हटलं, बोटांचं ठीक आहे, बाकीच्याचं काय? ते म्हणाले, बाकी काय? मी म्हटलं, काही नाही.

मग एका सकाळी मी गॅसवरच्या कढईचा कान डाव्या हातानं धरला आणि धरूनच राहिलो. कसलासा वास आला म्हणून खाली बघितलं, तर तो माझाच होता. त्याच दिवशी मुलगी आली, हाताला मलम लावलं आणि निकाल देऊन मोकळी झाली.

"बाबा, रविवारी मी खोकी घेऊन येते. तुम्ही आता आमच्याकडे राहायचं. हे घर बंद."

"अगं, बोटं बरी होतील."

"रविवारपर्यंत होतील?"

त्या दिवशी सोमवार होता.

वाद्यांच्या दुकानात मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. का, ते विचारू नका. डॉक्टरांचं "काम द्या" डोक्यात होतं आणि बसमधून उतरलो तर समोर ते दुकान. दुकानवाली पन्नाशीची, केसात पेन्सिल खोचलेली. मी म्हटलं, "बोटांना कळेल असं काहीतरी द्या. लहान हवं, मोठं मला पेलणार नाही."

तिनं एक युकुलेले काढून दिलं. गिटारचं पिल्लूच म्हणा ना. चार तारा, त्याही नायलॉनच्या. मी दाबून बघितल्या. बोट कशावर तरी टेकलंय, एवढं डोळ्यांना दिसत होतं.

"या फार मऊ आहेत. अजून काही?"

"मऊ आहेत म्हणूनच लोक घेतात, काका."

"मला बोचणारं हवं."

तिनं मला नीट निरखलं, पेन्सिल काढून परत खोचली आणि भिंतीवरून दुसरं उतरवलं. हेही युकुलेलेच, पण चपटं, पोट नसलेलं, मध्ये भोकही नाही. अंगावर दोन बटणं. तारा पोलादाच्या आणि तारांखाली बोटभर लोहचुंबकाची पट्टी.

"हे इलेक्ट्रिक. नुसतं वाजवलं तर डास गुणगुणल्यासारखं वाजतं. खरा आवाज या ॲम्प्लिफायरच्या डब्यातून." तिनं वायर लावली, माझ्या कानांवर हेडफोन चढवले. मी अंगठ्यानं चारही तारा छेडल्या. कानात एकदम मोठं, थंड काहीतरी पसरलं. मशीनरूमचं लोखंडी दार उघडल्यासारखं.

"तारा कापतात हं," ती हेडफोनची एक बाजू वर करून म्हणाली. "पहिल्या आठवड्यात फोड येतात. निम्मे लोक तेवढ्यासाठी परत आणतात."

"मग हेच द्या."

मला तिचं मन राखावंसं वाटलं. म्हणून म्हटलं, "पोलादाची आणि माझी जुनी ओळख आहे. चाळीस मजली इमारतीत वरच्या टोकाला बसून, नुसता दोराला हात लावून मी सांगायचो, आत्ता तिसऱ्या मजल्यावर दप्तर घेतलेलं पोर आत शिरलं."

"खरंच?" ती म्हणाली. डोळे मोठे झाले होते. "कमाल आहे!"

मी थांबलो. कुणी वीस म्हणेना. चाळीस तसेच्या तसे हवेत राहिले आणि मला पुढे बोलवेना. तिनं वाद्य, डबा, वायर सगळं बांधून दिलं. तारा जुळवायला चिमट्यासारखं एक यंत्र दिलं, कागदावर चार स्वर लिहून दिले. "सात दिवसांत परत आणता येईल. फक्त ओरखडा नको."

घरी आलो. टेबलापाशी बसून तारा एकेक दाबून बघितल्या आणि मला धक्काच बसला. एक तार ताठ, एक सैल, उरलेल्या दोघी आपापल्या मर्जीनं. आता लिफ्टचं असं असतं, की पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात ती पेटी, चार-पाच पोलादी दोरांवर लटकतो आणि सगळ्या दोरांवर सारखा भार लागतो. एक सैल राहिला तर बाकीचे त्याच्या वाटचं ओढतात आणि झिजून मरतात. म्हणून मेकॅनिक उजव्या हातात बॅटरी धरतो, डाव्या हातानं एकेक दोर दाबून सोडतो, थरथर बघतो आणि नट पिळतो. अडतीस वर्षं मी हेच केलं. असल्या चार तारांवर तर मी मांजरसुद्धा वर चढवलं नसतं. दुकानवालीचा कागद बाजूला ठेवला, खुंट्या पिळल्या आणि चौघींवर सारखा भार आणला. मग डब्याचा आवाज मोठा केला आणि वाजवायला बसलो.

बुधवार, गुरुवार रोज सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. (हे दोनच आहेत. चार म्हणणार होतो.) तारा बोटात रुतत होत्या. बोटांवर आडवे चर पडले, मग ते लाल झाले, मग पांढरे फोड आले. मी ते बघायचो. दुसऱ्याच्या हाताला आल्यासारखे.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, त्याच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या, तोंडावरचा मास्क हनुवटीला.

"काका, माझा पेशंट खुर्चीतून उठून गेला. म्हणाला, वरच्या दवाखान्यात तर याहून वाईट चाललंय."

"वाद्य आहे, बाई. आत या."

त्यांनी वाद्य बघितलं, कागद बघितला, चिमटा लावून बघितला. "अहो, एकही तार जुळलेली नाही. कागदावर लिहिलंय तसं का नाही केलंत?"

"कागदावर लिहिलंय तसं केलं तर भार सारखा राहत नाही."

"कसला भार?"

मी दोरांचं सगळं समजावलं. त्या खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या. "काका, यात बसून कुणी वर जाणार आहे का? प्रत्येक तारेचा स्वर वेगळा, म्हणून ताणही वेगळा. मी लहानपणी शिकलेय थोडं." मग त्यांचं माझ्या बोटांकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. खिशातली बारीक सळई काढून त्यांनी फोडाच्या कडेला टोचली. "हे?"

"नाही."

"हे? इथे?"

"तुम्ही टोचताय ते दिसतंय."

त्यांनी सळई खिशात ठेवली. जाताना चौघी तारा कागदाप्रमाणे जुळवून गेल्या. छान वाजत होतं. मी एकदा ऐकलं, मग खुंट्या पिळून पुन्हा सारखा भार केला. वाईट वाजलं तर वाजू दे, खाली कुणी पडता कामा नये.

शनिवारी संध्याकाळी मी वायर गुंडाळली, वाद्य पुसून खोक्यात ठेवलं. एकही ओरखडा नव्हता. बोटांना काही कळलं नव्हतं. उद्या मुलीबरोबर जाताना वाटेत दुकानात देऊन टाकू, असं ठरवलं. वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं, एवढं आठवतं.

रविवारी ती आली. पाच रिकामी खोकी, चिकटपट्टी आणि आईसारखाच पदर खोचलेला.

"हे काय घेतलंत?" तिनं वाद्याचं खोकं उघडलं. "वाजवता? मला न सांगता?"

"परत द्यायचंय."

"आधी वाजवून दाखवा. मग परत द्या."

मी वायर लावली. उभ्या खोक्यावर डबा ठेवला आणि चारही तारा एकदम छेडल्या. डब्यातून लोखंडी आवाज निघाला, भिंतीवर आपटला आणि विरत गेला. मुलगी कान देऊन बघत होती. म्हणजे ऐकत नव्हती, तारांकडे बघत होती.

"बाबा, ही तिसरी अजून थरथरतेय. बाकीच्या थांबल्या."

मी वाद्य मांडीवर तसंच धरून राहिलो.

आता ही गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मुलीनं ती हजार वेळा ऐकलेली होती. (पाचशे.) लग्नाला वर्ष झालं असेल. एका नव्या इमारतीच्या मशीनरूममध्ये मी दोर बसवले, सगळे तपासले, तेव्हा ही माझा जेवणाचा डबा घेऊन जिने चढून वर आली. मी तिला ऐट दाखवायला चारही दोर टणटण छेडले. आणि मग, असं मी सगळ्यांना सांगत आलो, मी डोळे मिटले, मला जाणवलं की तिसरा दोर सैल आहे, मी धावत जाऊन नट पिळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिफ्टमधून चढणारे चौदा जण वाचले. या गोष्टीवर माझी नोकरीतली अर्धी इज्जत उभी होती.

"ऐक," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "तो तिसरा दोर. तो मी नव्हता ओळखला. तुझ्या आईनं ओळखला. हातात डबा तसाच होता. म्हणाली, हा अजून थरथरतोय, बाकीचे थांबले."

"माहीत आहे," मुलगी म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. मी दहावीत होते. मी म्हटलं, मग तू बाबांना सगळ्यांसमोर का नाही बोलत? तर म्हणाली, चौदा माणसांची सात करते ना मी? तेवढं पुरे. दोर त्यांचा त्यांच्याकडे राहू दे."

खोलीत डब्याची घुंई चालू होती. मी मान खाली घातली, तिसऱ्या तारेची खुंटी धरली आणि पिळायला लागलो. ताण बघायला डाव्या बोटानं तार दाबली, सवयीप्रमाणे. तार ताठ होत गेली, फोडात शिरली, आणि फोड फुटला.

"आई गं!"

मुलगी दचकली. "काय झालं?"

"लागलं."

"काय?"

"लागलं गं. जोरात लागलं."

तिनं माझा हात ओढून घेतला. बोटातून पाणी आलं होतं आणि थोडं रक्त. तिनं दुसऱ्या बोटावर नख रोवलं. "हे?"

"हळू! जीव घेतेस का?"

"किती दुखतंय?"

"हिला सांग, की..." मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो. हिला म्हणजे कुणाला, ते दोघांनाही कळलं होतं. मुलीनं माझा हात सोडला नाही.

त्या संध्याकाळी तिनं पाचपैकी चार खोकी घडी करून परत नेली. पाचवं ठेवून गेली. डबा त्यावर बरा बसतो. म्हणाली, महिनाभर रोज सकाळी फोन करीन, आणि कढईला फडकं लावून धरायचं. वाद्य परत करता आलं नाही. खुंटीजवळ फोडाचा डाग पडला होता आणि नंतर खुंटी पिळायला घेतलेली पक्कड घाईत लागून एक ओरखडाही.

तिसरी तार आता बाकीच्यांबरोबर थांबते. करंगळी अजून बधिरच आहे.

आणि तुम्ही विचाराल, मग रडलात की नाही? रडलो. एवढा रडलो, की पाणी जिन्यावरून खाली उतरलं, डॉक्टरीणबाईंची खुर्ची तरंगली आणि तिच्यात बसलेला पेशंट तोंड उघडं ठेवूनच चौकापर्यंत वाहत गेला. यातलं निम्मं कापा. उरेल त्यातलंही निम्मं कापा. कापत राहा. शेवटी काही थोडंसं उरेल, तेवढं खरं धरा.