आत्याबाईंच्या तबकातली कोरको

पितरांचा पंधरवडा आला की विहाराच्या स्वयंपाकघरात अन्नापेक्षा चौकशाच जास्त शिजत. कुणाचं कालवण पाणचट, कुणाच्या सुनेने वाटण बाजारातून उचललं, सगळं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मोम आत्याबाईंच्या डोक्यात टिपलेलं. यंदा त्यांनी थावीची भिक्खूंना जेवण द्यायची पाळीच कापली. थावीचा नवरा, म्हणजे आत्याबाईंचा लाडका भाचा, दुसरीला घेऊन थायलंडला पळाला होता.

"घरात पुरुष नाही, मग पाळी कुणाच्या नावाने गं?"

"पळाला तो तुमचा भाचा. माझा बाप मेलाय, आणि तो इथेच जेवायला येणार," थावी म्हणाली. "उपाशी नाही पाठवायची मी त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खलबत्त्यासकट विहाराच्या अंगणातच बसली. घरून करून आणलं असतं, तर ते बाजारचं ठरवायला आत्याबाईंना कितीसा वेळ लागणार? गवती चहाचे देठ बारीक चिरून तिने खलात टाकले. वर कोळिंजन, ओली हळद, लसूण, लिंबाची पानं. धप्, धप्, धप्. वास दरवळला तशा बायका पाणी पिण्याच्या निमित्ताने तिच्याजवळून जाऊ लागल्या.

"नवऱ्याला कुटतेयस का गं?" एकीने विचारलं.

"तो एवढा बारीक होत नाही."

वाटण परतलं, मुरवलेला मासा विरघळला, मागूर मासा आणि कच्चा फणस शिजला, भाजल्या तांदळाच्या पिठाने रस्सा दाटला आणि कोरको तयार झाली. आत्याबाईंनी ते भांडं खांबाआड सरकवलं. "कुत्र्यांना होईल."

जेवणाचा नगारा वाजला. बायका भिक्खूंसमोर ओळीने बसल्या. आत्याबाईंचं तबक सर्वांत मोठं. पुण्यात वाटा मिळावा म्हणून शेजारणींनीही त्याला हात लावलेले. थावी भांडं घेऊन मध्ये घुसली आणि ते त्याच तबकात ठेवलं.

"काढ ते!" आत्याबाई दातओठ खात पुटपुटल्या.

"तुम्हीच हात काढा ना."

हात काढला तर आत्याबाईंचं स्वतःचंच दान राहणार. बायकांच्या हातून दान घ्यायला भिक्खूंनी पुढ्यात वस्त्र पसरलं. आत्याबाईंनी तबक उचललं, कोरकोसकट, आणि त्यावर ठेवलं. एकदा दिलेल्या अन्नाला आता कुणी बोट लावायचं नव्हतं.

थावीने बापाचं नाव घेतलं. पार फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"उद्या येऊन दाखव," आत्याबाई म्हणाल्या.

"येणार की. उद्या कच्ची पपई घालीन," थावी म्हणाली. "बापाला फणसापेक्षा तीच आवडायची."