फ्रीजरमधले जाम

केतकी तीन वर्षांची असताना आम्ही चारुदत्तच्या नोकरीपायी कोलकात्यात, बेहालाला आलो. तेव्हापासून मी माझ्या लेकीचं मराठी दुरुस्त करते आहे. तहान लागली की ती म्हणायची, "आई, मी पाणी खाते." बंगालीत पाणी खातात, त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्या घरात पाणी पितात, हे मी तिला हजारदा ऐकवलं असेल.

मागच्या वर्षी तिला पुण्यात नोकरी लागली आणि घर एकदम ओकंबोकं झालं. मे महिन्यात तिचा फोन आला. "आई, उन्हाळ्यात सुट्टी नाही गं. डिसेंबरात येईन. माझ्यासाठी जाम ठेवशील? फ्रीजरमध्ये?"

पोरगी पहिल्यांदा घरापासून लांब राहिलेली, आणि मागून मागितलं काय, तर फळ. नाही कशी म्हणणार?

माझं माहेर वसईचं. आमच्याकडे जाम म्हणजे पांढरं, घंटेच्या आकाराचं, पाणीदार फळ. इथे त्याला जामरुल म्हणतात, एवढं बंगाली मलाही येतं. बाजारात मी न चुकता जामरुलच मागितले आणि चांगले कडक, डाग नसलेले निवडून आणले.

"अगं लीना, ते नुसतं पाण्याचं फळ," चारुदत्त म्हणाला. "गोठवून टिकायचं नाही."

"पाणीच तर गोठतं," मी म्हटलं.

त्याला राग फळाचा नव्हता, इलिशचा होता. मासा फ्रीजरमधून हलवून मी त्याला दोन दिवसांत संपवायला लावला होता. मग जाम धुतले, पुसून कोरडे केले, चिरून बिया काढल्या. फोडी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आधी ताटात सुट्या मांडून गोठवल्या आणि नंतर पिशव्यांत भरल्या. वादळात वीज गेली की फ्रीजच्या दाराला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. डिसेंबरपर्यंत मी त्या पिशव्या तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या.

केतकी आली त्या दिवशी सकाळीच मी एक पिशवी वाडग्यात काढून ठेवली होती. तिने बॅग टेकवली आणि मी वाडगा पुढे केला. आतल्या फोडी पार लिबलिबीत होऊन पाण्यात पडल्या होत्या.

"हे काय?"

"जाम. तूच सांगितले होतेस."

"हे तर जामरुल," ती म्हणाली. "जाम म्हणजे ते काळे गं. जीभ जांभळी होते ते."

"ते बंगालीत. त्याला मराठीत जांभूळ म्हणतात," मी फटकन म्हणाले. पिशव्यांपायी एवढा जीव काढला होता, राग येणारच. चारुदत्त खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता.

केतकी मात्र हसली नाही. "पुण्यात फळांच्या गाडीवाल्याकडे जाम मागितले, तर त्यानेही हेच पांढरे दिले," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे नाही, जाम द्या. ऑफिसातल्या मुली सोबत होत्या, त्या अजून मला 'जाम' म्हणूनच हाक मारतात. मला वाटलं, घरी तरी कळेल."

तिथल्या मुली हसत होत्या त्याच बोलण्याला मी इथे जन्मभर टोकत आले होते. ज्या घरात तिला न अडखळता बोलता यायला हवं, तिथे मी मास्तरीण होऊन बसले होते. मला फार वाईट वाटलं. मी तो लगदा उचलून मोरीत ओतायला निघाले.

"थांब," केतकी म्हणाली. तिने फ्रीजर उघडून दुसरी पिशवी काढली आणि त्या गोठलेल्या फोडींवर काळं मीठ भुरभुरलं. एक तोंडात टाकून कडकडा चावली. चारुदत्तने लगेच दोन पळवल्या आणि इलिशचा सूड पुरा झाल्यासारखा निवांत खुर्चीत बसला.

केतकी दुसरी फोड चावता चावता माझ्याकडे तिरकं बघत होती. "आई, बघ. मी पाणी खातेय."

"खा," मी म्हटलं. मग मीही एक फोड उचलली. गारेगार होती. "पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाम ठेवीन."

"कुठले?"

"तुझे."