आठ घरांची टाकी

मित्रांनो, ज्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, धुरातून बायांना सोडवायला मला घडवलं, त्याच पऱ्हाट्या आज माझ्या पोटात कोरड्या ठेवल्या आहेत. आभाळ भरून आलं की कुणीतरी धावत येतं आणि आणखी एक भारा आत कोंबतं. मी गोबरगॅसची जुनी टाकी. लोखंडाची, गंजलेली, कुंपणाला टेकून आडवी पडलेली.

नागपूरच्या एका कारखान्यात मी जन्मले. पत्रा वाकला, ठिणग्या उडाल्या, अंगावर काळा रंग चढला आणि ट्रॅक्टरवर बसून मी या गावी आले. इथून कोराडीच्या थर्मल वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. विजेच्या जाड तारा गावाच्या डोक्यावरून शहराकडे जातात. गावातला दिवा मात्र वाऱ्याची झुळूक आली तरी जातो. चुलीत तेव्हाही पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्याच. सिलिंडर घरोघरी होतं, पण रिकामं. कुणी त्यावर माठ ठेवलेला, कुणी टीव्ही.

मग आठ घरांनी मिळून एक विहीर बांधली. रोज प्रत्येक घरानं एक घमेलं शेण आणायचं, पाण्यात कालवून विहिरीत सोडायचं. त्या काल्यावर मला पालथी घातली. आत गॅस धरला की मी वर उचलली जाई, तव्यावरची भाकर फुगते ना, अगदी तशी. रोज सकाळी मला धरून दोन फेरे फिरवावे लागत, म्हणजे आतली साय मोडे. ते काम कौसल्याबाईंनी आपणहून घेतलं.

कौसल्याबाई म्हणजे चंद्रभानची बायको. चंद्रभान थर्मलमध्ये कंत्राटी फिटर. आठही घरांचे पाइप त्यानंच जोडले, एकही सांधा गळला नाही. कौसल्याबाईंची छाती धुरानं पोखरून टाकली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "औषध देतो, पण चूल सोडावी लागेल." म्हणून सात घरांची मी सोय होते, त्यांचा मात्र श्वास होते.

पहिल्या दिवशी त्यांच्या शेगडीत ज्योत पेटली, तेव्हा त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग गुणगुणल्या:

निळं निळं फूल, माह्या घरात फुललं
धुरानं नेलेलं, माहं गाणं घरी आलं

मला हार घातले, मित्रांनो. साहेब लोक आले, फोटो निघाले. शाळेची मुलं वह्या घेऊन आली. गुरुजींनी लिहून दिलं: कोळसा संपणारा, शेण न संपणारं. मी ऐकत होते आणि फुगत होते.

शेण संपलं नाहीच. आधी माणसांची नियत संपली.

दुसऱ्या वर्षी संत्र्याला भाव आला. शेण झाडांच्या बुडाशी जाऊ लागलं. खरं तर विहिरीतून बाहेर पडणारा काला शेणापेक्षा चांगलं खत होता. पण थांबायला कुणाला सवड होती? घमेलं तर भरून न्यायचं होतं. मग तळाशी माती आणि वर शेणाचा हात.

एका सकाळी मधुकररावांची सून मिनल घमेलं रिकामं करत होती. मधुकरराव आमच्या आठ घरांचे अध्यक्ष. कौसल्याबाईंनी काल्यात हात घातला आणि मूठभर मुरूम वर काढला.

"मिनल वं, तुमची म्हैस मुरूम खाते काय?"

मिनल हसली. "काकू, घमेलं भरलं ना? मग झालं!"

"घमेलं भरलं वं, पण विहीर बी भरून राहिली."

"सगळेच टाकतात. मलेच काहून बोलता?"

सगळेच टाकत होते, हे खरं. माती तळाशी बसत गेली. मी पूर्वी पुरुषभर वर यायची. मग कमरेइतकी, मग गुडघ्याइतकी. कौसल्याबाई मला दोन्ही हातांनी रेटायच्या, खोकायच्या, पुन्हा रेटायच्या. एके दिवशी मी हललेच नाही. शेगडीतली ज्योत पिवळी झाली आणि भाकर अर्धी कच्ची असतानाच विझली.

आठ घरं माझ्याभोवती जमली. मला उचलून बाजूला ठेवलं, आतला गॅस निघून जावा म्हणून विहीर आठवडाभर मोकळी सोडली. आता कुणीतरी आत उतरून गाळ काढायचा होता. सगळे विहिरीत बघत होते. मधुकररावांनी चंद्रभानकडे बघितलं.

"चंद्रभान, तूच उतर गा. तुमच्या लोकांले सवय असते घाणीची."

"मी फिटर आहो, मधुकरराव."

"तेच तर. तुले यातलं कळते."

चंद्रभानचा आवाज चढला नाही. "ते काम माह्या आज्यानं छप्पन सालीच सोडलं. पाळी लावा. आठ घरं, आठ माणसं. माह्या घरातून मी उतरतो."

कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागलं, कुणाला वावरात पाणी सोडल्याचं आठवलं. बघता बघता सात घरं पांगली.

चंद्रभान काठावर उभाच होता. बायकोच्या छातीची घरघर त्याला ऐकू येत होती. त्यानं चप्पल काढली, दोर उचलला. तेव्हा कौसल्याबाईंनी तो दोर त्याच्या हातातून ओढून घेतला.

"तुम्ही नका उतरू. मी धूर खाईन, पण हे नाही."

त्या संध्याकाळी आठही घरांवर धूर चढला. सात घरं त्यात निवांत जेवली. आठव्या घरातला खोकला मला कुंपणापाशी ऐकू आला. तो अजून थांबलेला नाही.

मागच्या महिन्यात गावच्या नळाच्या पंपावर सोलरच्या प्लेटा बसल्या. पुन्हा हार, पुन्हा फोटो. मधुकरराव सभेत म्हणाले, "हे बेस झालं. सूर्यात कोणी माती कालवू शकत नाही!" लोक खदखदून हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "पण रोज धूळ बसन, राख बसन. पुसन कोण?"

मधुकररावांनी कागदावरून मानसुद्धा उचलली नाही. "चंद्रभान आहे ना."

चंद्रभान सभेत नव्हता. तो ड्युटीवर होता.

मित्रांनो, तुमच्याही गावात सूर्य येईल, वारा येईल. त्यांची निगा राखायची पाळी आपल्या घरापासून सुरू करा, आणि शेजाऱ्याचं नाव घेण्याआधी फडकं आपल्या हातात घ्या. सूर्य तक्रार करणार नाही. मीही केली नव्हती. नुसती खाली खाली बसत गेले.